अणशीच्या पावसात इंग्लिश गुलाब

गुलाबाच्या जातींची तुलना करायची एक ठरलेली रीत आहे. आधी रंग, मग वास, मग पाकळ्यांची ठेवण. अणशीत ही रीत उपयोगाची नाही. इथे पहिला प्रश्न असतो तो जुलैअखेर झाडावर पाने किती उरली याचा. ज्याची निम्मीअर्धी पाने टिकतात ते झाड डिसेंबरात फुलावर येते. ज्याचे नुसते खराटे उभे राहतात ते पावसाळ्यागणिक खचत जाते, मग कॅटलॉगमधला त्याचा फोटो कितीही देखणा असो.

अणशी हे जोयडा तालुक्यातले, घाटाच्या तोंडाशी वसलेले गाव. कुंभारवाड्याकडून येणारी सडक इथून घाट उतरते आणि कद्र्यावरून कारवारला जाते. चारी बाजूंना काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे. १९८७ साली जाहीर झालेले अणशी राष्ट्रीय उद्यान आज त्याच प्रकल्पाचा भाग आहे. समुद्रावरून आलेला ढग सह्याद्रीच्या चढणीला लागतो तो इथेच रिकामा होतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत झाडाचे पान धड कोरडे होत नाही, आणि नोव्हेंबर उजाडला की पुढचे काही महिने आकाश जवळजवळ मोकळे. एकाच वर्षात गुलाबाला दोन अगदी वेगळ्या हवा भोगाव्या लागतात. गुलाबाचे इथले सगळे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते.

आता या हवेत आणायचा तो पाहुणा कोण, हे आधी पाहू. ‘इंग्लिश गुलाब’ ही वनस्पतिशास्त्रातली जात नव्हे. इंग्लंडच्या श्रॉपशायरमधल्या ऑल्ब्राइटनचे डेव्हिड ऑस्टिन (१९२६–२०१८) यांनी जुन्या युरोपीय गुलाबांचा नव्या संकरित गुलाबांशी मेळ घालून जे झुडपी गुलाब तयार केले, त्यांचे हे कूळनाव. जुन्या गुलाबांचा दरवळ आणि त्यांची वाटीच्या घाटाची भरगच्च फुले ऑस्टिनना हवी होती. नव्या गुलाबांकडून त्यांनी पिवळे-जर्दाळू रंग आणि पुन्हा पुन्हा बहरण्याची सवय घेतली. पहिला ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ १९६१ साली बाजारात आला. जगाचे लक्ष गेले ते मात्र १९८३ साली चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या ‘ग्रॅहम थॉमस’ आणि ‘मेरी रोझ’ यांच्याकडे.

‘कॉन्स्टन्स स्प्राय’ कुणी फुकट दिला तरी अणशीत लावू नये. तो वर्षातून एकदाच फुलतो, आणि तेही कडक हिवाळा सोसल्यावर. जुन्या युरोपीय गुलाबांत फुलण्याला आवर घालणारे एक जनुक असते, त्याला केएसएन म्हणतात. चिनी गुलाबांत या जनुकामध्ये डीएनएचा एक उपरा तुकडा येऊन बसला आणि तो आवर सुटला, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उलगडले. आवर सुटल्यावर जवळजवळ प्रत्येक नव्या फुटीच्या टोकाला कळी धरते. आजच्या बहुतेक बारमाही गुलाबांनी ही देणगी चिनी पूर्वजांकडून घेतली आहे. इंग्लिश गुलाबांपैकी आपल्याला घ्यायचे ते पुन्हा पुन्हा बहरणारेच.

हे चिनी गुलाब अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून युरोपात पोहोचू लागले, काही तर कलकत्त्यात मुक्काम करून. म्हणून फ्रान्समध्ये त्यांना बंगालचे गुलाब म्हणत. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, ज्याचे जुने नाव बोर्बन होते, चिनी आणि दमास्क गुलाबांचा संकर होऊन बोर्बन गुलाबांचे घराणे निघाले. आपल्याकडे ‘एडवर्ड’ म्हणून ओळखला जातो तो याच घराण्यातला. दक्षिण भारतात तो हारासाठी, गुलाबपाण्यासाठी आणि कलमाचा खुंट म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लावला जातो. घाटाच्या वरच्या-खालच्या अंगणांतून तुळशीजवळ जो गुलाबी, सुवासिक गावठी गुलाब दिसतो, तो पुष्कळदा याच गोतावळ्यातला असतो. म्हणजे ऑस्टिननी ज्या दोन घराण्यांची सोयरीक नव्याने जुळवली, तिची एक जुनी शाखा आपल्या दारात आधीपासून उभी आहे. इंग्लिश गुलाबाची तुलना दुसऱ्या इंग्लिश गुलाबाशी करण्याआधी या गावठीशी करावी, असे मला मनापासून वाटते. पावसाळ्यात गावठीइतकी पाने ज्याने राखली तो इथला झाला.

पाने का गळतात, ते समजून घेतले तर अर्धी बाग शहाणी होते. गुलाबाचा इथला मुख्य शत्रू म्हणजे काळ्या ठिपक्यांचा रोग, डिप्लोकार्पॉन रोझी ही बुरशी. डाग पडलेले एक पान उजेडात धरून पाहावे. डागाची कड गुळगुळीत नसते, बारीक झालर लावल्यासारखी फाटलेली असते. बुरशीचे धागे पानाच्या सालीखालून पसरत गेल्याची ती खूण. मग डागाभोवती पिवळेपणा चढतो आणि पान देठाच्या मुळाशी सुटून पडते. या बुरशीचे बीज वाऱ्यावर फारसे उडत नाही, ते पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवरून वरच्या पानांवर चढते. ते रुजायला पानावर साधारण सात तास तरी सलग ओल लागते, आणि हवा वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास असली की त्याचे फावते. अणशीत जुलैमध्ये सात तास कोरडे मिळाले तरच बातमी. शिवाय या बुरशीचे अनेक वंश आहेत, त्यामुळे इंग्लंडात निरोगी ठरलेली जात इथल्या वंशापुढे टिकेलच असे नाही. कॅटलॉगातल्या ‘रोगप्रतिकारक’ या शब्दावर घाटात एवढ्यासाठीच भिस्त ठेवू नये.

पाने गेली की झाड खोडातल्या साठ्यावर जगते, अवेळी कोवळे धुमारे फेकते, तेही डागाळतात. मग शेंडामर सुरू होते. फांदी टोकाकडून तपकिरी पडत खाली येते. कात्रीने कापून पाहावे: आतला गाभा पांढरा-हिरवट दिसला तर फांदी जिवंत आहे, तपकिरी रेघ दिसली तर आणखी खाली, पांढरा गाभा लागेपर्यंत कापत जावे. इथे दया दाखवून उपयोग नाही.

पावसाचा दुसरा घाव फुलावर बसतो. शंभर-सव्वाशे पाकळ्यांची कळी भिजली की बाहेरच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, आत हवा खेळत नाही, करडी बुरशी धरते आणि कळी न उमलताच कुजते. म्हणून जातींची तुलना करताना पाकळ्यांची दाटी हा सौंदर्याइतकाच हवेचाही प्रश्न होतो. ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (१९९५) याचे आतल्या बाजूला वळलेले, जवळजवळ मिटलेले जर्दाळू फूल आणि त्याचा फळांसारखा वास यांवर जीव टाकणारे पुष्कळ आहेत. पण पावसात तो नीट उमलत नाही हे इंग्लंडातही ठाऊक आहे. अणशीत तो लावायचाच तर कुंडीत, पडवीच्या कडेला, आणि फक्त थंडीतल्या फुलांच्या आशेवर.

‘ग्रॅहम थॉमस’ची गोष्ट वेगळी. पाकळ्या बेताच्या, फूल वाटीसारखे मोकळे, वास चहाच्या गुलाबाचा, आणि रंग असा शुद्ध पिवळा की जुन्या गुलाबांत तो सापडत नाही. २००९ साली जागतिक गुलाब महासंघाने त्याला आपल्या मानाच्या यादीत बसवले. इंग्लंडात तो छातीएवढे झुडूप राहतो, पण उबदार प्रदेशात दहा-दहा फुटांच्या काठ्या फेकतो आणि फूल येते ते फक्त टोकाला. अशा झाडाला झुडूप समजून छाटत बसण्यापेक्षा वेल समजून वागवावे. ‘मेरी रोझ’चे तसे नाही. ती बारीक फांद्यांची, आटोपशीर, लवकर बहरणारी. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या बुडालेल्या युद्धनौकेवरून तिचे नाव पडले. ती नौका १९८२ मध्ये समुद्रातून वर काढली होती. फूल तोऱ्याचे नाही, पण बहरांमागून बहर येतात, पाकळ्या कुजून लटकत नाहीत, सुटून पडतात, आणि घरच्या बागेला मला वाटते हेच हवे. तिच्या एका फांदीवर आपसूक बदल होऊन पांढरी ‘विंचेस्टर कॅथीड्रल’ निघाली. तिच्यावर कधीमधी एखादे गुलाबी फूल उमटते. त्यात फसवणूक नसते, ते मूळ रक्त असते.

‘हेरिटेज’ (१९८४) शंखासारख्या फिक्या गुलाबी रंगाची, काटे फार कमी, वासात लिंबाची झाक. घरात लहान मुले असतील तर वाटेकडेला लावायला हीच. फूल मात्र दोन दिवसांत झडते, फुलदाणीच्या कामाचे नाही. ‘अब्राहम डार्बी’ (१९८५) हा ऑस्टिनचा असूनही त्याचे आईबाप दोन्ही नव्या जमान्यातले गुलाब, म्हणूनच तो उष्णतेत तगडा वाढतो. फूल मोठे, जर्दाळू-गुलाबी, आणि फुलाच्या भाराने मान वाकते. त्याच्या वंशातली ‘गोल्डन सेलिब्रेशन’ (१९९२) दाट पिवळी आणि घमघमणारी. या दोघांनाही थंडीच्या कोरड्या दिवसांतच फुलू द्यावे. ‘गर्ट्रूड जेकिल’ (१९८६) वासात सगळ्यांची राणी, पण काटे बेसुमार, आणि उबदार हवेत ती उंच काठ्या वाढवण्यात जास्त रमते, फुलांत कमी. अंगण मोठे असेल आणि धीर असेल तरच. नंतरच्या जातींत ‘लेडी ऑफ शॅलॉट’ (२००९) आणि ‘ऑलिव्हिया रोझ ऑस्टिन’ (२०१४) यांची पाने जास्त चिवट म्हणून ख्याती आहे. खात्रीच्या ठिकाणाहून मिळाल्या तर अवश्य घ्याव्यात.

खात्रीचे ठिकाण, हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्या बाजारात भरगच्च पाकळ्यांच्या कुठल्याही गुलाबाला ‘डेव्हिड ऑस्टिन’ म्हणून चिठ्ठी लागते. समाजमाध्यमांवर ज्याचे फोटो फिरतात तो ‘ज्युलिएट’ (२००६) तर फुलविक्रीसाठी काढलेला गुलाब आहे, हरितगृहात वाढवून दांडीसकट विकायचा. पावसात उघड्यावर उभे राहण्यासाठी तो निपजलेलाच नाही. कलम घेताना फुलाऐवजी खुंट पाहावा, जोड पाहावा, आणि शक्य असेल तर झाड ऑगस्ट-सप्टेंबरात नर्सरीत जाऊन बघावे. त्या दिवसांत पाने टिकवून उभे असलेले कलम आपली शिफारस आपणच करते. घ्यायचे मात्र पाऊस सरल्यावर.

लागवडीचा मुहूर्त ऑक्टोबरचा उत्तरार्ध. पहिला पाऊस पडला की झाडे लावायची, ही आपली जुनी सवय इथे गुलाबाच्या मुळावर येते. नर्सरीतल्या पिशवीत बहुधा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. जांभ्याच्या मोकळ्या जमिनीत तो तसाच पुरला तर गोळ्यात पाणी धरून राहते आणि मुळे कुजतात. गोळा पाण्यात भिजवून बाहेरचा थर हलक्या हाताने सोडवावा.

जागा निवडताना दक्षिण बाजू बघावी. अणशी सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५२ अंश चढतो, म्हणजे दक्षिणेला १५ मीटर उंचीचे झाड असले तर त्याची दुपारची सावली सुमारे १२ मीटर पसरते. आपल्या बहराचे दिवस नेमके तेच. मे महिन्यात उन्हाने भाजून निघणारे अंगण डिसेंबरात दिवसभर सावलीत असू शकते, तेव्हा जागेची पाहणी थंडीत करावी. गुलाबाला सहा तास ऊन हवे, आणि त्यातही सकाळचे, कारण दवाने भिजलेली पाने तेच लवकर सुकवते.

वाफा जमिनीच्या वर उचलावा. जांभ्याचे चिरे रचून दीड-दोन फूट उंचीचा ओटा केला की निम्मे काम झाले. आत दोन भाग तांबडी माती, एक भाग मुरलेले शेणखत, एक भाग जाडी वाळू. शेण कच्चे नको. त्यात हुमणी वाढते आणि वाळवी येते. एवढ्या पावसाने धुतलेली माती आंबट होते, चुना, मॅग्नेशियम, पालाश वाहून जातात, आणि उरलेले लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, त्यामुळे खत घालूनही झाड उपाशी राहते. गुलाबाला सामू सहा ते साडेसहा मानवतो. म्हणून दर वर्षी पाऊस ओसरल्यावर थोडा चुना, आणि चुलीतली लाकडाची राख मूठ-दोन मूठ. खत एकदम ढीगभर देण्याऐवजी ऑक्टोबर ते मार्च थोडे थोडे द्यावे. जूनमध्ये दिलेले खत ओहोळातून काळी नदीत जाते, ते झाडाच्याही कामाचे नाही आणि नदीच्याही.

कलमाचा जोड कुठे ठेवायचा, यात इंग्लंडचे पुस्तक आणि अणशीची जमीन यांचे जमत नाही. तिकडे जोड दोन इंच मातीखाली पुरायला सांगतात, कारण हिमापासून तो वाचवायचा असतो. इथे हिम नाही, कूज आहे. जोड मातीच्या दोन-तीन इंच वर राहू द्यावा. खुंटातून फूट निघाली तर ती डोळ्यांना दिसते आणि मुळापासून ओढून काढता येते.

लांब काठ्यांचे काय करायचे? वाकवायचे. फांदीच्या टोकाची कळी ऑक्सिन नावाचे संप्रेरक खाली पाठवते आणि त्याच्या धाकाने बाजूचे डोळे निजून राहतात. तीच काठी आडवी करून खुंटीला बांधली की धाक कमी होतो, डोळ्यामागून डोळा फुटतो आणि प्रत्येक फुटीच्या टोकाला फूल येते. पोफळीच्या फाकांचा गुडघाभर उंचीचा चौकोनी मांडव झाडाभोवती करून त्यावर काठ्या कमानीसारख्या बांधाव्यात. ‘ग्रॅहम थॉमस’सारख्याला एका टोकाच्या फुलाऐवजी काठीभर फुले येतात ती अशीच. कोवळ्या धुमाऱ्याला हात लावू नये, तो काडकन मोडतो. साल थोडी हिरवट-तपकिरी झाली की हळूहळू, दोन-तीन बैठकांत वाकवावा.

छाटणी दिवाळीच्या आसपास, परतीच्या गडगडाटी सरी थांबल्यावर. रोगट, आडव्यातिडव्या, पेन्सिलीहून बारीक फांद्या काढाव्यात आणि उरलेल्यांचा तिसरा हिस्सा कमी करावा. इंग्लिश गुलाबाला हायब्रीड टीसारखे गुडघ्याखाली कापू नये, झुडपाचा घाट जातो. छाटणीपासून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पहिला बहर येतो. सुकलेली फुले लगेच खुडत गेले की मार्चपर्यंत बहर फिरून फिरून येत राहतात. उन्हाळ्यात फुलकिडे पाकळ्यांच्या कडा करपवतात आणि पानांखाली लाल कोळी जाळी विणतो. त्यावर सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावावी. ही गोष्ट उत्तर कन्नडच्या सुपारी बागायतदाराला शिकवावी लागत नाही. कोळेरोगासाठी पावसाआधी पोफळींवर मारतात तेच हे औषध: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पेस्टसाठी पाणी दहाच लिटर. मिश्रणात लोखंडी पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला आहे. गुलाबाच्या कोवळ्या पानांना पूर्ण ताकदीचे मिश्रण भाजते. म्हणून फवारायचे तर निम्म्या ताकदीचे, एकदा मेअखेरीस पक्व पानांवर आणि एकदा छाटणीनंतर उघड्या फांद्यांवर. भर पावसात आठवड्याला बाटल्या रिकाम्या करणे मला पटत नाही. औषध धुऊन जाते, आणि आपण व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत राहतो याचे भान राहत नाही.

त्यापेक्षा आडोसा जास्त काम करतो. ओट्यावर चार वासे उभारून वर पारदर्शक पत्रा किंवा प्लास्टिक, बाजू पूर्ण उघड्या. पान भिजलेच नाही तर बुरशीला रुजायला जागा नाही. तेवढे जमत नसेल तर बुंध्याभोवती सुक्या पाचोळ्याचा जाड थर घालावा, म्हणजे मातीवरचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. खालच्या वीतभर खोडावरची पाने मेमध्येच काढून टाकावीत, आणि गळलेली डागाळ पाने रोज वेचून जाळावीत किंवा खोल पुरावीत.

जंगलालगतच्या बागेत आणखी एक हिशेब असतो. गुलाबाचे कोवळे शेंडे भेकराला आणि सांबराला आवडतात, काट्यांची ते पर्वा करत नाहीत. हाडांचा चुरा, मासळीचे खत, पेंड यांच्या वासाने रानडुक्कर येते आणि एका रात्रीत ओटा उसकटून ठेवते; इथे ही खते नकोतच. उभ्या बांबूंचे दाट कुंपण आणि गुलाब घराच्या भिंतीजवळ, हा साधा उपाय. विजेची तार लावण्याचा विचारही मनात आणू नये.

उबदार हवेसाठी मुळातच वेगळे गुलाब घडवण्याचे काम भारतात झाले आहे. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी बंगालकडच्या पाणथळीत वाढणारा रोझा क्लिनोफिला आणि मणिपूरच्या डोंगरांतला रोझा जायगँटिया या आपल्या रानगुलाबांचे रक्त नव्या जातींत आणले. ओल्या मुळांना न भिणारा गुलाब हवा असेल तर ती वाट मला ऑस्टिनच्या वाटेपेक्षा लांब पल्ल्याची वाटते.

तोवर घरी करण्यासारखे एक काम आहे. अंगणातल्या गावठी गुलाबाच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या पाऊस सरल्यावर वाळूमातीत लावाव्यात. त्या सहज रुजतात. साल सुटू लागली की जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्यावर आवडत्या इंग्लिश गुलाबाचा डोळा भरावा. इथल्या मातीत मुरलेल्या मुळांवर वाढलेले कलम दुरून आणलेल्यापेक्षा पावसाला जास्त तोंड देते. सुरुवात दोनच जातींनी करावी: ‘मेरी रोझ’ ओट्यावर आणि ‘ग्रॅहम थॉमस’ मांडवावर, शेजारी गावठी. दोन पावसाळे तिघांच्या उरलेल्या पानांची नोंद वहीत ठेवावी, आणि तिसरी जात कोणती आणायची ते त्या वहीत पाहून ठरवावे.